सप्तमीचं पान

कनकानं ते पत्रक दोनदा वाचलं, घडी घालून कॉफीच्या पेल्याशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "पेरियप्पा, हें तर तुमचें श्राद्ध." ती हसली नाही, रागावलीही नाही. टाइप केलेल्या कागदात एखादी चूक दाखवावी तसं तिनं सांगितलं. एग्मोर स्टेशनासमोरच्या हॉटेलात शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं बसलो होतो. कनका माझ्या धाकट्या भावाची, राममूर्तीची मुलगी, म्हणून मी तिचा पेरियप्पा, थोरला काका. जवळच्याच एका कचेरीत टायपिस्ट आहे. दोन वर्षांपूर्वी ती आपण होऊन माझ्या कचेरीत आली, "मी आवडी गावच्या राममूर्तींची मुलगी" म्हणाली, आणि तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा घरी न सांगता मला भेटते. चोवीस वर्षांत माझ्या रक्ताच्या माणसांपैकी मला शोधत आलेली तेवढी एकच. म्हणून कौतुकानं मी तिला माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक वाचायला दिलं होतं. रविवारी चर्चमध्ये मी त्यावर बोलणार होतो, म्हणून त्याची नवी आवृत्ती निघाली होती. कौतुक करून घ्यायची हौस माणसाला कुठे नेऊन आपटेल याचा नेम नाही.

मी धडे लिहितो. चर्चच्या मंडळीच्या तमिळ मासिकात शेवटच्या पानावर अठरा वर्षं माझं सदर चालू आहे. रोजच्या जगण्यातली एक गोष्ट घ्यायची, पवित्र शास्त्रातला एक भाग घ्यायचा आणि दोन्हींची गाठ मारायची. नळाला पाणी येईना तेव्हा मी विहिरीवरच्या शोमरोनी बाईबद्दल लिहिलं. बस चुकली तेव्हा दिव्यात तेल न भरलेल्या कुमारींबद्दल लिहिलं. माझी बायको रोझम्मा तापानं तिसऱ्याच दिवशी गेली, तेव्हा तिच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे आमच्याकडे ज्याला स्मरणदिन म्हणतात त्या दिवशी, मी तिच्या उशीखाली सापडलेल्या अर्धवट विणलेल्या मोज्यावरही एक धडा लिहिला. छान जमला होता. लोकांनी पत्रं पाठवली. मलाच मात्र तो मोजा नंतर कधी नुसता मोजा म्हणून दिसला नाही. ही सवय अशी जडली की कुणी रडत माझ्याकडे आलं तरी ऐकता ऐकता आतला कारकून वचन शोधायला लागतो. रडणाऱ्याला वाटतं, हा माणूस किती तन्मय होऊन ऐकतो आहे. मी खरोखर तन्मय असतो, पण त्याच्या दुःखात नाही.

त्या सगळ्या धड्यांतला सर्वांत लाडका, पत्रक म्हणून छापलेला, हा पानाचा. आम्ही तंजावरकडचे मराठी ब्राह्मण. बासष्ट सालच्या जुलैत, आठ तारखेला, रविवारी मी बाप्तिस्मा घेतला. कुणी आमिष दाखवलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. एग्मोरच्या लॉजमध्ये कावीळ होऊन पडलो होतो, शेजारच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या शिक्षकानं महिनाभर माझं केलं आणि उशाशी एक पुस्तक ठेवलं. ते वाचून मला वाटलं, हा पुस्तकातला माणूस माझ्याशी बोलतो आहे. आजही वाटतं. तेवढं एक खरं नसतं तर बाकीचं सगळं सोपं झालं असतं. मी आईला पत्र लिहिलं. उत्तर राममूर्तीचं आलं, पोस्टकार्डावर, की आईनं तुमचं नाव टाकलं आहे, येऊ नका. एकदा गेलो, तर दार उघडलं नाही. पुढे नऊ वर्षांनी व्यंकोजी नावाचा आमच्या गावचा एक ओळखीचा माणूस मला स्टेशनवर भेटला. तेव्हा राममूर्तीला आवडीच्या कारखान्यात नोकरी लागून घर तिकडच्या क्वार्टर्समध्ये आलं होतं, आणि व्यंकोजी त्यांच्याकडे जाऊन आला होता. तो खाली बघत म्हणाला, तुझी आई वर्षातून एकदा, आषाढात, तुझ्या नावानं पान वाढते. केळीचं पान, त्यावर सगळं साग्रसंगीत, आणि त्या पानावर कुणी बसत नाही. मी विचारलं, काय काय वाढते? तो म्हणाला, कच्च्या केळ्याची भाजी, कारलं, उडदाचे वडे, तिळाचे लाडू, पायसम. मिरची नाही, सगळ्यात मिरीच. मी प्लॅटफॉर्मवर उभा राहून रडलो. लहानपणी माझं पोट नाजूक होतं, मिरची सोसायची नाही. म्हटलं, ही बाई नऊ वर्षं माझं पोट विसरलेली नाही. त्याच आठवड्यात धडा लिहिला. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला, म्हणजे प्रभूनं सांगितलेल्या गोष्टीतला, बाप घर सोडून डुकरं राखण्यापर्यंत घसरलेल्या मुलाची दुरून वाट बघतो, तसं माझी आई पान वाढून वाट बघते, आणि देवही तुमच्यासाठी असंच एक पान वाढून बसला आहे. मिरीचा तपशील विशेष गाजला. देवाला आपल्या पोटाचीही काळजी असते, असं त्या परिच्छेदाच्या शेवटी होतं.

कनकानं बोट ठेवलं ते नेमकं त्या मिरीवर. ती मराठी अडखळत बोलते, तमिळ आणि इंग्रजीच तिला जवळची, पण आजीबद्दल बोलताना मात्र आजीचीच भाषा तिच्या तोंडी येते. "आजी दर वर्षीं आषाढांत सप्तमीस करिते. अप्पा ओलें धोतर नेसून बसतात. तीळ, दर्भ, सगळें. मिरची श्राद्धास कोण घालतें, पेरियप्पा? मज वाटलें तुम्हांस ठाऊक आहे." मला ठाऊक असायलाच हवं होतं. वडिलांच्या श्राद्धाला मी स्वतः सहा वर्षं बसलो होतो. कच्चं केळं, कारलं, उडीद, तीळ, मिरी: आमच्या घरातलं शेंबडं पोरही ती यादी ऐकून कशाचा स्वयंपाक आहे ते सांगेल. आणि मी, शब्दाशब्दात अर्थ शोधणारा, तीच यादी स्वतःच्या हातानं छापली, पंधरा वर्षं वाचून दाखवली आणि दर वेळी मिरीपाशी गळा दाटून घेतला. तारखेनंही मला हटकलं नाही. बाप्तिस्म्याचा वाढदिवस मी आठ जुलैला करत असे, पास्टर केक आणायचे. पंचांग मी सोडून दिलं होतं. आईनं सोडलं नव्हतं. तिच्या हिशेबी मी आषाढ शुद्ध सप्तमीला मेलो.

कनका गेल्यावर मी पँथियन रोडनं उगीच चालत राहिलो. उकाडा होता, बसस्टॉपवर माणसं कागदानं वारा घेत उभी होती, आणि माझ्या आत संताप असा उसळला होता की समोरून येणाऱ्या प्रत्येकाशी भांडावंसं वाटत होतं. जिवंत मुलाला तीळपाणी सोडणारी ही कसली आई? मग वाटलं, आणि आवडी कुठे दूर आहे? सेंट्रलवरून गाडीत बसलं की तासाभरात माणूस पोचतो. पंधरा वर्षं ती तासाभरावर होती आणि मी गेलो नाही. का गेलो नाही, याचं उत्तर त्या रस्त्यावर मला स्वच्छ दिसलं आणि ते फार घाणेरडं होतं. पान वाढलेलं आहे या भरवशावर मी गेलो नाही. ती वाट बघते आहे, म्हणजे क्षमा झालेलीच आहे, मग घाई कशाला? दाखल्यातला मुलगा डुकरांमधून का होईना, निदान उठून चालू लागला. मी त्याच्यावर लिहीत बसलो. क्षमेचा उपयोग मी खुर्चीसारखा केला, निवांत बसायला. आता ती खुर्ची कनकानं एका वाक्यात ओढून घेतली होती, आणि मला एवढंच हवं होतं की कुणीतरी म्हणावं, नाही, ते पान तुझ्या वाटेकडे डोळे लावूनच वाढलेलं आहे. ते म्हणू शकणारं माणूस जगात एकच होतं. त्र्याऐंशी वर्षांचं.

शनिवारी नाक्यावरच्या दुकानात जाऊन मी तमिळ पंचांग चाळलं. दुकानदार मला ओळखतो, त्यानं भुवया वर केल्या. सप्तमी रविवारी होती. म्हणजे सकाळी नवाच्या उपासनेत मी आईच्या वाट पाहण्यावर बोलणार आणि दुपारी आवडीत राममूर्ती ओलं धोतर नेसून मला तीळ वाहणार. आतल्या कारकुनानं लगेच मान वर केली: काय योग आहे, यावर लिहिता येईल. मला स्वतःची किळस आली. मी ठरवलं, उद्या खरं सांगायचं. उभं राहायचं, हे पत्रक खोटं आहे म्हणायचं, त्यातला धडा मी माझ्या सोयीसाठी काढला होता म्हणायचं आणि खाली बसायचं. दिवसभर ते वाक्य मनात घोळवलं. ते फार लहान होतं, आणि त्याला शेवट नव्हता.

रविवारी चर्च भरलं होतं. पास्टर ज्ञानराज भला माणूस आहे. त्यांनी माझी ओळख करून देताना पत्रक उंच धरलं आणि आतापर्यंत किती घरांत ते पोचलं ते सांगितलं. मी उभा राहिलो. पहिल्याच बाकावर एस्तर अम्माळ बसली होती. तिचा मुलगा गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात कामाला लागला आणि सात वर्षांपूर्वी तिथून कुठे निघून गेला ते कुणाला कळलं नाही. माझा धडा वाचल्यापासून ती रोज दुपारी त्याच्यासाठी पान मांडते. मला तसं तिनं पत्रानं कळवलं होतं, आणि ते पत्र मी पुढच्या अंकात छापलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, तिचे ओठ माझ्या आधीच हलत होते, कारण तिला धडा पाठ होता. तिला मी काय सांगणार होतो? की बाई, आमच्यात असं पान मेलेल्याला वाढतात? मी दाखला वाचायला घेतला. बाप म्हणतो त्या ओळीपाशी आलो, की हा माझा मुलगा मेला होता आणि आता जिवंत झाला, तिथे माझा आवाज बसला. लोकांना वाटलं, गहिवर. आणि मग मी जुनाच धडा सांगितला. कच्चं केळं, कारलं, वडे, लाडू, मिरी. मिरीपाशी गळा दाटला, सवयीनं. एवढ्यावर थांबलो असतो तरी नुसता भेकड ठरलो असतो. पण खोटं बोलणारा माणूस गप्प राहायला घाबरतो. मी भर घातली. म्हणालो, माझी आई आज, याच दुपारी, ते पान वाढते आहे आणि आज मी त्या पानावर जाऊन बसणार आहे. चर्चमध्ये हुंदके फुटले. पास्टर खाली उतरले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि पुढच्या रविवारी काय घडलं ते सांगायचं माझ्याकडून कबूल करून घेतलं. दोन तरुण मला रिक्षात बसवून सेंट्रलपर्यंत पोचवून गेले. असा मी चोवीस वर्षांनी घरी निघालो. स्वतःच्या पायांनी निघालो असं म्हणवत नाही.

आवडीच्या क्वार्टर्स सगळ्या सारख्या. नंबर विचारत गेलो. राममूर्ती दारातच उभा होता, ओल्या धोतरात, दर्भाची अंगठी बोटात. त्याचे केस पांढरे झाले होते आणि त्याचं पोट आमच्या वडिलांसारखं सुटलं होतं. त्यानं मला ओळखलं. आनंद झाला नाही, भीती वाटली. तो बाहेर आला, दार मागे ओढून घेतलं आणि हळूच म्हणाला, "अण्णा, उद्यां या. कोणत्याही दिवशीं या. आज नको." मी विचारलं, कोणत्याही दिवशी आलो असतो तर दार उघडलं असतंस का? मग कट्ट्यावर बसून, आत ऐकू जाऊ नये म्हणून पुटपुटत, त्यानं मला सांगितलं. पहिल्या वर्षी आईनं भटजींना बोलावलं होतं. भटजी म्हणाले, धर्म सोडून गेलेल्याला पान नाही, पिंड नाही, पाणीसुद्धा नाही. शास्त्रात त्याला उपाशीच ठेवायला सांगितलं आहे. आईनं विचारलं, किती दिवस? भटजी म्हणाले, कायमचं. तेव्हा आई म्हणाली, मग तुम्ही येऊ नका, आमचें आम्ही करूं. तेव्हापासून मंत्र नाहीत, भटजी नाहीत, राममूर्तीला येईल तेवढं तो करतो. शेजारपाजाऱ्यांनी नावं ठेवली, गावाकडच्या नातेवाइकांनी येणं सोडलं. आईनं ऐकलं नाही.

मी ऐकत होतो, आणि छातीत काहीतरी मोठं होत होतं. शास्त्र मोडून वाढलेलं पान. माझ्यासाठी तिनं भटजींना दारातून परत पाठवलं, आणि मी परवा तिच्यावर संतापून रस्ते तुडवत होतो. मला वाटलं, आता फक्त आत जायचं आहे. ती जे मेलेल्याला देते आहे ते जिवंत हातांनी घ्यायचं आहे. तेवढ्यात आतून आवाज आला, अगदी तोच, थोडा चिरका झालेला: "कोण तें? आला कां?" राममूर्तीनं माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं.

मागच्या पडवीत पान मांडलं होतं. त्याच्यासमोर ती बसली होती, एवढीशी होऊन, दोन्ही डोळ्यांत पांढरे मोतीबिंदू. तिनं माझ्या पावलांच्या दिशेनं तोंड वळवलं. मी म्हणालो, "आई, मी वादिराज." चोवीस वर्षं या वाक्यानंतर काय होईल याची मी कल्पना करत आलो होतो. ती रडेल, शिव्या देईल, उठून आत जाईल. ती म्हणाली, "ठाऊक आहे. बस. अन्न निवतें." आणि हातानं पान चाचपून भाताची मूद नीट केली. म्हणाली, "दर वर्षीं येतोस. यंदा आवाज दिलास." तेव्हा मला समजलं, आणि मी पानावर बसलो.

मी जेवलो. मूर्तीपुढचं आणि मेलेल्यांपुढचं अन्न खावं की नाही यावर मी तीन धडे लिहिलेले आहेत. तिनं विचारलं, तिकडे पोटास घालतें कां कोणी? मी भात कालवत राहिलो. पडवीच्या टोकाला कनका उभी होती, तोंडावर हात ठेवून. तरीही, एवढं होऊनही, आतला कारकून उठलाच. मरणातून उठलेल्या प्रभूला बघून शिष्यांना वाटलं, भूत आहे. तेव्हा तो म्हणाला, मला हात लावून बघा, आणि त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला. जेवतो तो जिवंत, हा त्याचा पुरावा. शिष्यांना तो पटला. पण ज्या घरात मेलेलीच माणसं वर्षातून एकदा जेवायला येतात, तिथे मी कितीही खाल्लं तरी काय सिद्ध होणार? धडा तिथेच तुटला. पहिल्यांदाच माझ्याकडे वचन नव्हतं. डाव्या हातानं मी तिचा हात धरायला गेलो आणि म्हणालो, "आई, मी मेलेलो नाही. एग्मोरला राहतो. हात लावून बघ."

तिनं हात पदरात ओढून घेतला. रागानं नाही, ओवळं होऊ नये म्हणून घेतात तसा. तिचा आवाज मी लहान असताना तापात पडलो की असायचा तितका मऊ होता.

"मेलेल्यांस तें कळत नाहीं, राजा. म्हणून तर वर्षास एकदां बोलावून पोटास घालावें लागतें."

मग तिनं राममूर्तीला मला आणखी एक वडा वाढायला सांगितलं. त्यानं तो लांबूनच वाढला, आणि मी खाल्ला.